नागपुरातील एका कर्करोग रुग्णालयाची सेवा : गरोदर बहिणीच्या उपचारांतील चौतीस दिवस

माझ्या धाकट्या बहिणीला गरोदरपणाच्या पंधराव्या आठवड्यात गर्भाशयमुखाचा कर्करोग असल्याचे निदान झाले. तेथून बाळंतपणापर्यंतचे आणि त्याच वेळी झालेल्या मोठ्या शस्त्रक्रियेपर्यंतचे सर्व उपचार नागपुरातील एका खाजगी कर्करोग रुग्णालयात झाले, आणि त्या रुग्णालयाच्या सेवेविषयी मी येथे लिहीत आहे. रुग्णालयाचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण ज्या डॉक्टरांविषयी मला फार चांगले लिहायचे आहे ते आणि ज्या खिडकीविषयी तसे लिहिता येणार नाही ती खिडकी, दोन्ही एकाच छताखाली आहेत. हा मजकूर बहिणीने वाचला असून दोन ठिकाणी तिने स्वतःच्या हाताने दुरुस्त केला आहे.

रुग्णालयाचे परीक्षण करताना लोक स्वच्छता, जेवण, बिल आणि डॉक्टरांचे बोलणे यांविषयी लिहितात. आमच्या बाबतीत या सर्वांपेक्षा महत्त्वाची ठरली ती तारीख. बहिणीचे सासर काटोलचे, पण त्या काळात ती नागपुरात नंदनवनला माझ्याकडेच राहत होती आणि माझ्या स्वयंपाकघरातील कालनिर्णयावर दर आठवड्याला ती लाल पेनने गरोदरपणाचा आठवडा लिहीत असे. उपचाराचा प्रत्येक टप्पा त्या लाल आकड्याला बांधलेला होता, म्हणून मीही या रुग्णालयाला दिवसांच्या हिशोबानेच गुण देणार आहे.

आधी थोडे मागचे. अकराव्या आठवड्यात तिला संबंधानंतर रक्त दिसले. वस्तीजवळच्या नर्सिंग होममध्ये सोनोग्राफी झाली, बाळाचे ठोके व्यवस्थित आहेत असे सांगण्यात आले, आणि गर्भ टिकण्याच्या गोळ्या व विश्रांती लिहून देऊन तिला घरी पाठवण्यात आले. गर्भाशयाचे तोंड मात्र कोणी डोळ्यांनी पाहिले नाही. त्यासाठी एक स्पेक्युलम (योनिमार्ग उघडून धरणारे साधन), एक दिवा आणि फार तर पाच मिनिटे लागतात. गरोदर बाईला रक्त दिसले की ते गर्भाशी निगडित असणार असे डॉक्टर आणि घरचे दोघेही धरून चालतात, आणि बहुतेक वेळा ते खरेही असते, परंतु गरोदरपणात आढळणाऱ्या कर्करोगांमध्ये स्तनाच्या बरोबरीने गर्भाशयमुखाचा कर्करोगच प्रामुख्याने येतो हे लक्षात घेतले तर ती पाच मिनिटे टाळण्याला मला कोणतेही कारण दिसत नाही. चौदाव्या आठवड्यात पुन्हा रक्त गेले तेव्हा आम्ही एका ज्येष्ठ स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो. त्यांनी स्पेक्युलम लावला, काही क्षण त्या गप्प राहिल्या, आणि त्याच दिवशी कॉल्पोस्कोपी, म्हणजे भिंगातून गर्भाशयमुखाची तपासणी, करून संशयित जागेचा लहानसा तुकडा तपासणीला पाठवला. गरोदरपणात कॉल्पोस्कोपी करता येते आणि आत शिरलेल्या कर्करोगाची शंका असेल तर बायोप्सीही घेता येते, फक्त गर्भाशयमुखाच्या आतल्या नळीचे खरवडणे करायचे नसते, हे त्यांनी आम्हाला समजावून सांगितले. माझे चौतीस दिवस त्या बायोप्सीपासून पहिल्या केमोपर्यंत मोजलेले आहेत.

पाचव्या दिवशी अहवाल आला : स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे वरच्या थरातील चपट्या पेशींचा कर्करोग, आत शिरलेला. त्यानंतर दोन दिवसांनी आम्ही या रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात बसलो होतो.

तेथील कर्करोग शस्त्रक्रियातज्ज्ञ बाईंनी पहिल्या भेटीला पन्नास मिनिटे दिली. बाहेर चंद्रपूर, गडचिरोली, छिंदवाडा, बालाघाट येथून आलेली माणसे रात्रीपासून ताटकळत बसलेली असताना पन्नास मिनिटे देणे ही साधी गोष्ट नाही. बहिणीच्या सासूबाई, बहिणीचा नवरा आणि मी असे तिघेही आत गेलो होतो. सासूबाईंनी बसताक्षणी विचारले, "पिशवी काढावी लागेल का?" डॉक्टरांनी त्यांचे बोलणे पूर्ण ऐकून घेतले आणि मग अगदी मऊ आवाजात आम्हा तिघांनाही दहा मिनिटे बाहेर बसायला सांगितले. गर्भ ठेवायचा की नाही या निर्णयाला सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची किंवा सासरची सही कायद्याने लागत नाही, हे त्यांनी बहिणीला एकटीला सांगितले होते, असे तिनेच मला नंतर सांगितले. सासूबाईंना ते त्या दिवशी लागले. मला मात्र संपूर्ण उपचारांतील सर्वांत चांगली दहा मिनिटे तीच वाटतात.

टप्प्याविषयी आमचा एक मोठा गोंधळ झाला होता, तो येथे नोंदवणे उपयोगी ठरेल. ज्येष्ठ डॉक्टरांनी तपासून चिठ्ठीवर 'आयबी१' असे लिहिले होते, तर रुग्णालयाच्या कागदावर आठवड्याभरात 'आयबी२' आले. रोग आठ दिवसांत एक पायरी वर चढला या समजुतीने आम्ही एक रात्र जागून काढली. प्रत्यक्षात गाठ तेवढीच होती, मोजपट्टी बदलली होती. फिगो या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या जुन्या पद्धतीत डोळ्यांना दिसणारी, गर्भाशयमुखापुरती मर्यादित आणि ४ सेंटिमीटरपर्यंतची गाठ आयबी१ मध्येच बसत असे. २०१८ मध्ये तीत २ सेंटिमीटरची नवी रेघ आखली गेली, त्यामुळे आता २ सेंटिमीटरच्या आतली आयबी१, २ ते ४ मधली आयबी२ आणि ४ किंवा त्याहून मोठी आयबी३ ठरते. जी सूक्ष्मदर्शकाखालीच मोजावी लागते आणि ५ मिलिमीटरपेक्षा खोल गेलेली नसते ती आयए मध्ये राहते. त्याच वर्षीपासून एमआरआयसारख्या प्रतिमा आणि काढलेल्या लसिका ग्रंथींचा (लिम्फ नोड) अहवाल यांनाही टप्पा ठरवताना अधिकृत स्थान मिळाले, त्यामुळे लसिका ग्रंथीत रोग सापडला तर गाठ कितीही लहान असली तरी रुग्ण थेट तिसऱ्या टप्प्यात, म्हणजे आयआयआयसी मध्ये जाते. हे सर्व डॉक्टरांनी प्रिस्क्रिप्शनच्या पाठीमागे गोल काढून आणि शेजारी प्लास्टिकची पट्टी ठेवून दाखवले. तो कागद अजून फाइलमध्ये आहे. पट्टीवरच्या २.६ सेंटिमीटरच्या खुणेला त्यांनी बाण काढला आहे.

आता खिडकीकडे येते. एमआरआयसाठी सहा दिवस लागले आणि त्यांतील चार निव्वळ वाया गेले. पहिल्या दिवशी एमआरआयच्या खिडकीवर "प्रेग्नंट पेशंटचा आम्ही करत नाही" असे उत्तर मिळाले, तेही त्याच रुग्णालयाच्या डॉक्टरांची चिठ्ठी हातात असताना. वस्तुतः गरोदर स्त्रीचा एमआरआय करता येतो. टाळायचे असते ते प्रतिमा ठळक दिसावी म्हणून दिले जाणारे गॅडोलिनियमचे इंजेक्शन, कारण ते वारेतून बाळापर्यंत पोहोचते. सीटी स्कॅन आणि पेट स्कॅन किरणोत्सर्गामुळे टाळतात, छातीचा एक्स-रे पोटावर शिशाचे आवरण ठेवून काढता येतो आणि मूत्रपिंडाला सूज आहे का हे सोनोग्राफीत दिसते. हे डॉक्टरांनी आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितले होते, पण ते ज्ञान दुसऱ्या मजल्यावरून तळमजल्यावर उतरायला चार दिवस लागले. रेडिऑलॉजिस्टचे स्वतंत्र पत्र मिळाल्यावर खिडकीने फॉर्म पुढे केला, आणि त्यात रक्तातील क्रिएटिनिनचा अहवाल जोडल्याशिवाय वेळ मिळणार नाही असे छापलेले होते. क्रिएटिनिनवरून मूत्रपिंडांचे काम कळते, म्हणून गॅडोलिनियमचे इंजेक्शन देण्यापूर्वी ते पाहतात. जिला इंजेक्शन द्यायचेच नाही असे तिच्या चिठ्ठीवर ठळक अक्षरांत लिहिले होते, तिच्याकडून तो अहवाल मागितला गेला, आणि वाद घालण्यापेक्षा रक्त देऊन मोकळे झालेले बरे म्हणून आम्ही तोही करून आणला. प्रत्यक्ष तपासणी मात्र उत्तम झाली. तंत्रज्ञ मुलीने पाठीखाली उशी सरकवून बहिणीला किंचित डाव्या कुशीवर ठेवले आणि आवाजाने घाबरू नये म्हणून दर थोड्या वेळाने माइकवरून किती मिनिटे उरली ते सांगितले.

अहवालात गाठ २.६ सेंटिमीटरची होती, आजूबाजूच्या ऊतींमध्ये पसरलेली नव्हती आणि ग्रंथी मोठ्या दिसत नव्हत्या. ट्यूमर बोर्ड, म्हणजे वेगवेगळ्या तज्ज्ञांची एकत्र बैठक, आठवड्यातून एकदाच, बुधवारी बसतो. आम्हाला तीन दिवसांत तो बुधवार मिळाला हे आमचे नशीब. या बोर्डात कर्करोग शस्त्रक्रियातज्ज्ञ, केमोचे डॉक्टर, रेडिएशनचे डॉक्टर, पॅथॉलॉजिस्ट आणि रेडिऑलॉजिस्ट यांच्याबरोबर प्रसूतितज्ज्ञ व नवजात शिशूंचे डॉक्टर बाहेरून बोलावले गेले होते, आणि गरोदर रुग्णाच्या बाबतीत हे दोघे नसतील तर त्या बोर्डाला मी अपुरा म्हणेन.

बोर्डाने जे सांगितले त्यात दोन घड्याळे एकमेकांशी जोडलेली होती. पहिले शरीराचे. ग्रंथींमध्ये रोग आहे की नाही हे एमआरआय खात्रीने सांगू शकत नाही, म्हणून दुर्बिणीने कटिभागातील ग्रंथी काढून तपासणे आवश्यक होते, आणि ही शस्त्रक्रिया साधारण बाविसाव्या आठवड्यापर्यंतच करता येते, कारण पुढे गर्भाशय एवढे मोठे होते की ग्रंथींपर्यंत हात पोहोचत नाही. दुसरे घड्याळ कायद्याचे. गर्भपाताच्या १९७१ च्या कायद्यात २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरते, २० ते २४ आठवड्यांदरम्यान ठरावीक गटांतील स्त्रियांसाठी दोन डॉक्टरांचे मत लागते, आणि आईचा जीव वाचवण्यासाठी तातडीने आवश्यक असेल तर आठवड्यांची ही मर्यादा लागू होत नाही. ग्रंथींमध्ये रोग सापडला असता तर गर्भ थांबवून केमो व रेडिएशन एकत्र सुरू करण्याचा सल्ला बोर्ड देणार होता, कारण कटिभागाला रेडिएशन आणि पोटातील बाळ ही दोन्ही एकत्र राहू शकत नाहीत. ग्रंथी स्वच्छ निघाल्या तर गाठ आटोक्यात ठेवण्यासाठी केमो देत बाळ पक्व होईपर्यंत थांबता येणार होते. गाठ २ सेंटिमीटरच्या आत असती तर केमोऐवजी गर्भाशयमुखाचा तेवढाच भाग काढणे किंवा केवळ लक्ष ठेवून थांबणे हेही पर्याय असते, पण पट्टीवरचा बाण २.६ वर होता. म्हणजे ग्रंथींचा अहवाल विसाव्या आठवड्याच्या आत हाती येणे हे सर्वांच्या सोयीचे होते. गर्भ लगेच थांबवून उपचार सुरू करण्याचा पर्यायही तितक्याच स्पष्टपणे मांडण्यात आला आणि विचार करायला दोन दिवस देण्यात आले. बहिणीने तो पर्याय नाकारला. का, हे तिचे तिला ठाऊक, मी विचारलेले नाही.

शस्त्रक्रिया सतराव्या आठवड्यात, बोर्डानंतर सहाव्या दिवशी झाली. या वेळी गर्भाशय ओटीपोटाच्या हाडापासून बेंबीच्या निम्म्या वाटेवर आलेले असते, म्हणून दुर्बिणीचे पहिले छिद्र नेहमीपेक्षा वर घेतले गेले. पोटात भरायच्या वायूचा दाब पाऱ्याच्या १० ते १३ मिलिमीटरच्या दरम्यान ठेवायचा आणि सर्व काम दीड ते दोन तासांत उरकायचे, हे आदल्या दिवशी भूलतज्ज्ञांनी आम्हाला समजेल अशा शब्दांत सांगितले, आणि बाहेर बसलेल्या मला दिलेल्या वेळेआधी दहा मिनिटे निरोप मिळाला. शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर बाळाचे ठोके ऐकवण्यात आले. त्या रात्री वॉर्डातील आयाबाई बहिणीच्या उशाशी उभ्या राहून म्हणाल्या, "काहून रडून राहिल्या जी? लेकरू ऐकून राहिलं ना आतून." रुग्णालयाच्या अभिप्राय फॉर्ममध्ये डॉक्टर, परिचारिका, स्वच्छता आणि कॅन्टीन यांसाठी चौकटी आहेत, आयांसाठी नाही. ती चौकट मी पेनाने आखून दिली.

ग्रंथींच्या अहवालाला नऊ दिवस लागले. मध्ये धुळवड आली, नंतर रविवार आला आणि प्रयोगशाळेची खिडकी "उद्या बघा" म्हणत राहिली. अशा तुकड्यांवर प्रक्रिया करायला वेळ लागतो हे मला मान्य आहे आणि घाईने चुकीचा अहवाल मिळण्यापेक्षा उशीर परवडला, परंतु ज्या अहवालावर एका गर्भाचे राहणे अवलंबून आहे तो इतर पन्नास नमुन्यांच्या रांगेत न ठेवता पुढे घेण्याची काही पद्धत असायला हवी होती. तशी पद्धत नव्हती. शेवटी शस्त्रक्रियातज्ज्ञ बाई स्वतः जिना उतरून प्रयोगशाळेत गेल्या आणि संध्याकाळी त्यांचाच फोन आला : काढलेल्या १९ ग्रंथींपैकी एकीतही रोग नाही. आणखी तीन दिवसांनी, एकोणिसाव्या आठवड्यात, पहिली केमो लागली.

पाच, दोन, सहा, तीन, सहा, नऊ आणि तीन, असे हे चौतीस दिवस झाले. एमआरआयचे चार आणि अहवालाचे किमान तीन, असे सात दिवस माझ्या मते वाचले असते. आमच्या बाबतीत त्या सात दिवसांनी काही बिघडले नाही. बायोप्सी चौदाव्याऐवजी अठराव्या आठवड्यात झाली असती तर हेच सात दिवस फार महाग पडले असते.

केमोचा विभाग हा या रुग्णालयाचा सर्वांत नेटका विभाग आहे. पहिल्या तीन महिन्यांत बाळाचे अवयव घडत असतात म्हणून तेव्हा केमो देत नाहीत, त्यानंतर ती देता येते. बहिणीला पॅक्लिटॅक्सेल आणि कार्बोप्लॅटिन ही केमोची औषधे दर तीन आठवड्यांनी, एकोणीस, बावीस, पंचवीस, अठ्ठावीस, एकतीस आणि चौतीस या आठवड्यांत देण्यात आली. सिस्प्लॅटिनऐवजी कार्बोप्लॅटिन निवडण्याचे एक कारण बाळाच्या श्रवणशक्तीचे होते, हे औषधाच्या डॉक्टरांनी न विचारता सांगितले. एप्रिल-मे महिन्यांत नागपुरात काय ऊन असते ते सांगायला नको. आम्हाला प्रत्येक वेळी सकाळी आठची वेळ दिली गेली, त्यामुळे भर दुपारच्या तळपत्या रस्त्यावर सलाइननंतर उलट्या करत घरी जाण्याची वेळ एकदाच आली, आणि त्या दिवशी दोष आमच्या उशिराचा होता. प्रत्येक फेरीआधी रक्ताची तपासणी आणि बाळाच्या वाढीची सोनोग्राफी ठरलेली होती. दोन फेऱ्यांनंतर पुन्हा एमआरआय झाला तेव्हा गाठ १.६ सेंटिमीटरवर आली होती. केमोमुळे बाळाच्या बुद्धीवर परिणाम होईल का, हा प्रश्न सासूबाईंनी प्रत्येक भेटीत विचारला आणि प्रत्येक भेटीत त्यांना उत्तर मिळाले. गर्भात असताना आईच्या कर्करोगाला सामोरे गेलेल्या १२९ मुलांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला असून त्यांच्या हृदयात व बौद्धिक वाढीत इतर मुलांहून फरक आढळला नाही, मागे पडण्याचा संबंध दिसला तो अपुऱ्या दिवसांच्या जन्माशी. म्हणूनच शक्य तर ३७ आठवड्यांपर्यंत थांबायचे आणि शेवटची केमो त्याआधी तीन आठवडे संपवायची, म्हणजे बाळंतपणाच्या वेळी आईच्या आणि बाळाच्या रक्तपेशी घसरलेल्या नसतील, असा तो हिशोब होता. बहिणीच्या कालनिर्णयावर चौतीस आणि सदतीस हे दोन आकडे इतरांपेक्षा मोठे लिहिलेले आहेत.

सदतीसाव्या आठवड्यात सिझर आणि त्याच टेबलावर गर्भाशय, गर्भाशयमुख व आजूबाजूच्या ऊती काढण्याची मोठी शस्त्रक्रिया झाली. गाठ असलेल्या मुखातून बाळ नेले तर रक्तस्राव होतो आणि रोगाच्या पेशी जखमेत रुजण्याचा धोका असतो, म्हणून साधे बाळंतपण नको. सिझरचा छेदही गर्भाशयाच्या खालच्या भागाऐवजी वर उभा घेतला गेला. ग्रंथी दुर्बिणीने काढल्या तर ही शस्त्रक्रिया पोट उघडून का, असे मी विचारले. उत्तरात २०१८ मधील एका मोठ्या चाचणीचा दाखला मिळाला. तिच्यात साडेचार वर्षांनंतर रोगमुक्त असलेल्या स्त्रियांचे प्रमाण पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेत ९६.५ टक्के आणि दुर्बिणीने किंवा यंत्रमानवाच्या साहाय्याने केलेल्या शस्त्रक्रियेत ८६ टक्के निघाले होते. ज्या रुग्णालयाच्या दर्शनी भिंतीवर दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा भलामोठा फलक लावलेला आहे, तेथील डॉक्टरांनी हे सरळ सांगावे याचे मला कौतुक वाटले. वार तपासणीला गेली, ती स्वच्छ निघाली. मुलगी अडीच किलोची. सुट्टी मिळण्यापूर्वी तिची श्रवण तपासणी झाली आणि ती दोन्ही कानांनी उत्तीर्ण झाली.

बिलाविषयी थोडक्यात. दिलेला अंदाज आणि अंतिम रक्कम यांत फारसे अंतर नव्हते, परंतु कॅशलेसच्या मंजुरीला उशीर झाला, कारण विमा कंपनीकडून "हे प्रसूतीचे बिल आहे की कर्करोगाचे?" अशी विचारणा आली आणि रुग्णालयाच्या विमा कक्षाने ती दोन दिवस तशीच पडू दिली. शेवटी डॉक्टरांनी चार ओळींचे पत्र लिहून दिले. असे पत्र भरतीच्या दिवशीच फाइलला लावून घ्यावे, असे मी कोणालाही सांगेन. बायोप्सीच्या तुकड्याच्या काचपट्ट्या (स्लाइड) आणि मेणात जपलेले तुकडे (ब्लॉक) मुंबईला दुसऱ्या मतासाठी मागितले तेव्हा मात्र दोन दिवसांत, कोणी तोंड वाकडे न करता मिळाले.

डॉक्टरांना मी पाचपैकी पाच गुण देते, केमो विभागालाही पाच, प्रयोगशाळेला तीन आणि एमआरआयच्या खिडकीला एक. त्या खिडकीविषयी मी लेखी तक्रार दिली होती. तीन महिन्यांच्या तपासणीसाठी आम्ही परत गेलो तेव्हा बहिणीच्या कडेवर मुलगी होती आणि खिडकीच्या काचेवर नवा कागद चिकटवलेला होता : गरोदर रुग्णांनी थेट रेडिऑलॉजिस्टना भेटावे, त्याच दिवशी वेळ दिली जाईल. मी फॉर्मही मागून पाहिला. क्रिएटिनिनचा रकाना अजून तसाच आहे.